धनुष्याने हरणाची शिकार शिकवणारा मिशिगनमधला वर्ग: पैसे वसूल, पण शेवटचा धडा उरकलेला

आधी निकाल सांगते, मग तपशील. फी साडेतीनशे डॉलर, ती वसूल होते. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते खाली येईलच.

ग्रँड रॅपिड्सहून उत्तरेला निघालं की पाऊण तासावर, मक्याच्या शेतांमध्ये, एका जुन्या लाकडी गोठ्यात हे दुकान आहे. पुढच्या बाजूला धनुष्यं-बाण विकायला मांडलेले, मागे मालकाच्या मालकीचं जंगल, आणि त्या जंगलात उन्हाळाभर रविवारी सकाळी वर्ग. शिकवतात ते पारंपरिक धनुष्य. म्हणजे कप्प्या नाहीत, नेम धरायची काडी नाही, दोरी सोडायला कळ नाही. लाकूड, दोरी आणि तीन बोटं. नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मालकाने तशी अटच घातली: वर्गात आठ माणसं मावतात आणि त्याला नववं नको आहे. निवृत्त होण्यापूर्वी तो शाळेत सुतारकाम शिकवायचा, म्हणून मी त्याला मास्तर म्हणते. त्याला त्याचा अर्थ सांगितल्यापासून तोही ओ देतो.

मी मूळची परतवाड्याची. बाबा वनखात्यात होते, मेळघाटातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. त्यांची उमेदीची वर्षं फासे गोळा करण्यात आणि चितळ-सांबर मारणाऱ्यांच्या मागावर रात्री काढण्यात गेली. त्यांच्या पोरीने हरीण मारायला शिकायचं ठरवलंय हे ऐकून आई म्हणाली, "बाप्पा! आता हेच राहिलं होतं." बाबांनी मात्र एकच विचारलं, "परवाना असतो का तिथं?" असतो म्हटल्यावर फोन तासभर चालला. हंगाम केव्हापासून केव्हापर्यंत, मादी मारू देतात का, मोजणी कोण ठेवतं, पैसा कुठे जातो.

पैसा कुठे जातो याचं उत्तर त्यांना फार आवडलं. बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीव खात्यांकडे वळवणारा कायदा इथे 1937 साली झाला आणि 1972 साली धनुष्यबाणही त्यात ओढले गेले. आज नव्या धनुष्यावर 11 टक्के कर बसतो तो असा. आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदाही 1972 चाच. एकाच वर्षी एका देशाने शिकारीवर कडक बंधनं घातली आणि दुसऱ्याने शिकाऱ्याच्या खिशातून जंगलाचा खर्च काढायचं पक्कं केलं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे असं बाबांचं मत पडलं. विसाव्या शतकाच्या तोंडावर पांढऱ्या शेपटीची ही हरणं अख्ख्या अमेरिकेत काही लाखांवर आली होती, आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. एकट्या मिशिगनमध्ये वीसेक लाख. दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त गाड्या त्यांना धडकतात. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंपरची मागणी का वाढते ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

असो, वर्गाकडे येते.

धनुष्य म्हटल्यावर आपल्याला हल्ली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे आठवतात. 2023 च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दोघांनी सोनं आणलं ते कंपाउंड धनुष्याने. त्याच्या टोकांना चाकं असतात. पूर्ण ओढल्यावर वजनाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भार चाकं उचलतात, त्यामुळे माणूस ओढलेल्या दोरीने शांतपणे थांबू शकतो. हे धनुष्य मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने काढलं, पेटंट मिळालं 1969 साली. अमेरिकेतले धनुष्याने शिकार करणारे बहुतेक लोक तेच वापरतात आणि चाळीस यार्डांवरून (यार्ड म्हणजे तीन फूट) हरीण पाडतात. आमच्या रिकर्व्हचं, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याचं, उलटं. ओढाल तितकं जड होत जातं आणि शेवटच्या इंचाला सगळ्यात जड. थांबायची सोय नाही. अंतर पंधरा-वीस यार्डांच्या आतलं. मग हे कशासाठी, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. मास्तर म्हणाला, "लांबून मारायचं असेल तर बंदूक स्वस्त पडते."

पहिली चांगली गोष्ट: इथे धनुष्य विकत घ्यायला लावत नाहीत. फीमध्येच भाड्याचं धनुष्य येतं, तीन तुकड्यांत सुटणारं. मधली मूठ तीच ठेवून पुढे फक्त वरखालच्या वाकत्या पट्ट्या बदलायच्या. सुरुवात सगळ्यांची 25-30 पौंडांवर, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो. आमच्या तुकडीत एक दणकट गडी स्वतःचं 55 पौंडांचं धनुष्य मिरवत आला होता. मास्तरने ते भिंतीवर टांगून ठेवलं आणि त्याच्या हातात पोरांचं वाटावं असं धनुष्य दिलं. जड धनुष्याने माणूस नेम धरत नाही, धनुष्याशी झुंजतो, आणि त्या झुंजीत दोरी लवकर सोडायची जी खोड लागते ती वर्षानुवर्षं जात नाही. हे त्या गड्याला पटायला जुलै उजाडला.

पौंडांचा हिशेबही नीट समजावतात, जो दुकानांत सहसा कुणी समजावत नाही. धनुष्यावर लिहिलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. माझे हात आखूड, ओढ 26 इंचांची. इंचामागे दोन-अडीच पौंड कमी होतात, म्हणजे 45 लिहिलेलं धनुष्य माझ्या हातात चाळिसाचं. ठेंगण्या माणसांनी हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ फसवणूक टळेल. हरणाला तेवढं पुरतं का? शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये कायद्याला 30 पौंड पुरतात. मास्तरच्या मते चाळीस पौंड, जड बाण आणि वस्तऱ्यासारखं पातं असेल तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाला काही कमी पडत नाही.

सुरुवातीचे कितीतरी रविवार आम्ही डोळे मिटून बाण सोडले. गवताच्या गठ्ठ्यापासून दोन पावलांवर उभं राहायचं, त्यावर लक्ष्याचा कागद नाही, डोळे बंद. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकली की ओढ पूर्ण. तिथे टेकल्यावर हाताने ओढणं संपतं आणि पाठीने ओढणं सुरू होतं, दोन्ही खांद्यांची हाडं एकमेकांकडे सरकतात. बोटं मुद्दाम उघडायची नाहीत, सैल सोडायची, दोरी आपली आपण निसटते. आणि निसटल्यावर हात तसाच मागे, कानापर्यंत. कंटाळा आणणारं आहे, खोटं कशाला बोलू. आमच्यातली दोन माणसं याच कंटाळ्याने गळाली. फी परत मिळत नाही, तेही इथेच सांगून ठेवते.

मग बाण. वर्गातला सगळ्यात रंगलेला भाग हाच. मी कारखान्यात दिवसभर मोजमापातच असते, म्हणून मला जरा जास्तच रंगला असेल.

दोरी सुटली की बाण सरळ जात नाही. आधी वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो, मग उलट वाकतो आणि असा सळसळत जाऊन काही यार्डांनी सरळ होतो. म्हणून प्रत्येक धनुष्याला ठरावीक ताठपणाचाच बाण चालतो. ताठपणा मोजायची रीत साधी: 28 इंचांवरच्या दोन आधारांवर दांडी ठेवायची, मध्ये 1.94 पौंडांचं वजन टांगायचं आणि दांडी किती झुकली ते बघायचं. अर्धा इंच झुकली तर तो 500 चा बाण. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. मास्तरने हे सगळं घरी बनवलेल्या लाकडी घोडीवर करून दाखवलं, मग प्रत्येकाला पिसं नसलेला बाण दिला. पिसं बाणाचे दोष झाकतात. बिनपिसांचा बाण गठ्ठ्यात तिरका घुसला की दोष उघडा पडतो. माझ्यासारख्या उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या बाणाची शेपटी डावीकडे आली म्हणजे बाण फार ताठ, उजवीकडे आली म्हणजे फार लवचीक. मग पुढचं टोक जड-हलकं करा, दांडी अर्धा-पाव इंच कापा, पुन्हा सोडा. माझा शेवटचा बाण साडेचारशे ग्रेनच्या थोडा वर निघाला. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे माझा बाण तीसेक ग्रॅमचा. पाऊस नसेल तर टर्कीची पिसं उत्तम. पावसात ती ओल्या कोंबडीसारखी चिकटतात आणि बाण भरकटतो, यावर मास्तरकडे पावडर फासण्यापलीकडे उपाय नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा वर्ग सुचवेन ती. गोठ्याच्या आतल्या भिंतीवर प्रत्येकाचं नाव खडूने लिहिलेलं असतं आणि पुढे एक आकडा. रविवारी गाडीतून उतरलं की कॉफी नाही, हात मोकळे करणं नाही, थेट धनुष्याला दोरी चढवायची आणि जेवणाच्या कागदी ताटलीवर एक बाण सोडायचा. एकच. हरणाची छाती, म्हणजे हृदय-फुप्फुसांचा भाग, साधारण तेवढ्याच घेराचा. ताटलीत बसला तर पुढच्या आठवड्यात एक यार्ड मागे. चुकला तर दोन यार्ड पुढे. नंतर दिवसभर तुम्ही तीस यार्डांवरून कितीही फुलं पाडा, भिंतीवर चढतो तो त्या पहिल्या, थंड हाताच्या बाणाचाच आकडा. जंगलात तोच बाण मिळतो, दुसरा मिळत नाही. सप्टेंबरअखेर माझ्या नावापुढे 14 होते. त्या दणकट गड्यापुढे 11. तो आमच्यात सगळ्यात चांगला तिरंदाज होता, दुपारी.

हे चौदा यार्ड हवेतले नाहीत, त्याला हिशेब आहे. माझा बाण सेकंदाला दीडशे-एकशेसाठ फूट जातो. दोरीचा आवाज हजार-अकराशे फूट, म्हणजे हरणाला तो कधीच आधी पोचतो. आवाज ऐकला की हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं, पाय मुडपतं. पंधरा यार्डांवर बाणाला पाव सेकंदाच्या वर थोडा वेळ लागतो, पंचवीसवर जवळजवळ अर्धा. त्या उरलेल्या पाव सेकंदात हरीण खाली गेलं की छातीवर धरलेला बाण पाठीत बसतो. आणि पाठीत बाण घेऊन पळालेलं हरीण कुठे जाऊन पडतं ते कुणाला कळत नाही. मास्तर हे सांगताना आवाज चढवत नाही. फक्त ज्याने कुणी "पण मी पंचविसावरून मारू शकतो" म्हटलं, त्याला भिंतीकडे बघायला सांगतो.

बाणाचं पातं हा वेगळा अर्धा दिवस. गोळीच्या धक्क्याने जनावर पडतं, बाणाने पडतं ते रक्त जाऊन. त्यामुळे धार हीच सगळी दया. मिशिगनमध्ये पातं किमान 7/8 इंच रुंद असावं लागतं. धार लावायला मास्तरची बायको शिकवते, आणि ती त्याच्यापेक्षा कडक आहे. बोटांवर रबर बँड ताणून धरायचा, त्यावर पातं नुसतं टेकवून सरकवायचं. रबर तुटला तर पास, दाब द्यावा लागला तर पुन्हा दगडावर. माझी आजी विळ्याला अशीच अंगठ्याने पारखायची. तिच्या हाताखाली तयार झालेल्या कुणालाही हा धडा अवघड जाऊ नये.

जंगलातली शिकवणी ऑगस्टपासून. मिशिगनच्या रानात मिल्कवीड नावाचं झुडूप असतं, आपल्या रुईच्याच कुळातलं, आणि त्याच्या बोंडांतही तशाच म्हाताऱ्या निघतात. शिकारी त्या खिशात ठेवतात. एक सोडली की वारा इथून कुठे जातो, पुढे कुठे वळतो, ओढ्याशी खाली बसतो की वर चढतो, सगळं डोळ्यांना दिसतं. हरणाची नजर चुकवता येते, नाक चुकवता येत नाही, म्हणून बसायची जागा आधी वाऱ्यावर ठरते, वाटेवर नंतर. नारिंगी रंग हरणाला मळकट दिसतो, निळा मात्र झगझगीत. त्यामुळे जीन्स घालून आलेल्याला मास्तर पहिल्याच दिवशी परत पाठवतो. कपडे उजळवणारी पावडर वापरून धुतलेले असले तरी त्याची कुरकुर असते.

धनुष्य ओढायचं केव्हा, हे मात्र इथे खरोखर सोन्यासारखं शिकवलं. मास्तरचा एक मदतनीस दोरीने सरकणारं फोमचं हरीण झाडांमधून ओढत नेतो. त्याचं डोकं झाडाआड गेलं तरच ओढायचं. डोकं पुढे आलं आणि तुम्ही अर्धवट ओढलेले असाल तर हळूच दोरी परत सोडायची, बाण नाही. खऱ्या हरणाची एक लबाडीही सांगितली: ते चरायला मान खाली घालतं आणि लगेच झटक्यात वर करतं, हललेलं पकडायला. पहिल्या मानेला फसायचं नाही. पुढचा पाय पुढे पडलेला असावा, अंग आडवं किंवा किंचित पाठमोरं असावं, समोरून येणाऱ्यावर कधीच सोडायचा नाही. वर्गाच्या शेवटच्या परीक्षेत दहा प्रसंग होते आणि बहुतेकांत बरोबर उत्तर "सोडू नका" हेच होतं.

तंबूसारख्या आडोशात बसायचं असेल तर आखूड धनुष्य घ्या, हा सल्ला इथे फुकट मिळतो आणि दुकानात गेलात तर महागात पडतो. 68 इंची लाँगबोचं, म्हणजे लांब सरळ धनुष्याचं, वरचं टोक तंबूच्या छताला लागतं. 60 इंची रिकर्व्ह तिरकं धरून बुटक्या स्टुलावरून चालतं. झाडावरच्या मचाणाची तालीम पट्टा बांधल्याशिवाय देत नाहीत, ते योग्यच आहे.

आता कापलेला तारा.

हरीण पडल्यानंतरचं सगळं या वर्गात उरकून टाकलंय. रक्ताचा माग काढणं ठीक शिकवतात, लाल रंग मिसळलेला मक्याचा पाक पानांवर शिंपडून. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. गडद असेल तर यकृत, तासन्‌तास थांबा. हिरवट घाण दिसली तर पोट, घरी जा आणि सहा-आठ तासांनी या. एवढं पक्कं झालं. पण पुढे? पोट फाडून आतडी न फोडता बाहेर कशी काढायची, कातडं कसं सोलायचं, कुठलं मांस कुठे असतं, हे प्लॅस्टिकच्या आवरणातल्या एका चित्रावर आणि फोनवरच्या व्हिडिओवर भागवलं. उन्हाळ्यात मेलेलं हरीण कुठून आणणार हा मास्तरचा मुद्दा मला कळतो. पण एखादा बकरा किंवा डुक्कर आणता येतं, साडेतीनशे डॉलरांत ते बसतं. मी तर बाबांना कोंबडी-बकरं कापताना पाहिलेलं होतं, म्हणून निभावलं. आमच्यातल्या बाकीच्यांनी मांस फक्त दुकानातल्या थर्माकोलच्या ताटलीत पाहिलेलं.

बारीक तक्रारी दोन. बोटांचे चामडी मोजे फक्त पुरुषी मापांचे आहेत. माझ्या करंगळीएवढ्या बोटांना ते फिरत होते, शेवटी मी चामड्याचा चपटा टॅब घेतला आणि सुखी झाले. आणि वर्ग संपता संपता देवदारी बाणांची भलामण सुरू होते. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचं ते लाकूड सुंदर असतं, वासही छान येतो, पण नवशिक्याचे बाण दगडावर आपटून मोडणारच. ॲल्युमिनियमचे घ्या. मास्तर थोडा रुसेल, रुसू द्या.

वर्गाचा उपयोग झाला का, तर झाला. पहिल्या हंगामात मी हरणं खूप पाहिली आणि भिंतीवरच्या आकड्याच्या आत एकही आलं नाही. इथे धनुष्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो, 15 नोव्हेंबरला बंदुका सुरू होतात, डिसेंबरात पुन्हा धनुष्य. त्यानंतरच्या हंगामात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एक मादी ओकच्या फळांमागे चरत चरत इतकी जवळ आली की तिच्या नाकावरची ओल दिसत होती. डोकं खोडाआड गेलं तेव्हा ओढलं. बाण आरपार गेला आणि पलीकडे पानांत उभा राहिला. ती साठ-सत्तर पावलांवर पडली. अर्धा तास घड्याळ बघत बसले, कारण वर्गात ते अंगी बाणवलं होतं, नाहीतर मी लगेच धावले असते.

कागदपत्रांची तयारी मात्र वर्गात चोख करून घेतात, तिथे शंभर मार्क. 1 जानेवारी 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकारी-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा अभ्यास हेच करून घेतात. 2022 पासून हरीण मारल्यावर 72 तासांत ऑनलाइन नोंद सक्तीची आहे. शिवाय हरणांना मेंदूचा एक असाध्य झिजरोग होतो, तो मिशिगनच्या मोकळ्या रानात 2015 साली लान्सिंगजवळ पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही, तरी डोकं तपासणीला देऊन निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवायचं, मेंदू-कणा काढून टाकायचा, हे मास्तरने घोकून घेतलं होतं. मी तसंच केलं.

खाणाऱ्यांसाठी एक टीप, जी वर्गात मिळणार नाही. हरणाची चरबी बकऱ्यासारखी नसते, मेणासारखी असते. रश्शात राहिली तर थंड होताना टाळूला चिकटते. पांढरा कण न कण सुरीने काढा आणि वरून तेल घाला. मी वऱ्हाडी रस्सा केला, सुकं खोबरं, खसखस आणि कांदा काळा होईपर्यंत भाजून. मांडीचं मांस शिजायला बकऱ्याहून जास्त वेळ घेतं. पाठीचे लांब तुकडे मात्र रश्शात घालू नका, तव्यावर मीठ-मिरीत दोन मिनिटं परतले की झालं. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला विषय निघाला तेव्हा एका काकूंनी "सीतेसारखा हट्ट कुणी धरला होता गं?" असं विचारून घेतलं आणि नंतर डबा कुठे मिळेल तेही विचारलं.

बाबांना फोटो पाठवला नाही, त्यांना नको होता. त्यांनी विचारलं, किती अंतरावरून मारलं. सांगितलं. मग म्हणाले, "आमच्याकडचे कोरकू म्हातारे पण तेवढ्यावरूनच मारायचे." पुढे जरा थांबून, कायद्याच्या आधी, असं जोडलं.

हा वर्ग कुणी करू नये: ज्याला यंदाच फ्रीजर भरायचाय त्याने. त्याला कंपाउंड किंवा बंदूक बरी. ज्याला महिनोन्‌महिने एकच गोष्ट करायला आवडते त्याने जरूर करावा. वय आड येत नाही, आमच्यात सत्तरीची एक बाई होती आणि भिंतीवर तिच्यापुढे 16 लिहिलेलं होतं. मास्तर स्वतः मिशिगनमधल्याच ग्रेलिंग गावाच्या बाजूचा. फ्रेड बेअरचा धनुष्यांचा कारखाना 1947 पासून 1978 पर्यंत तिथे होता, आणि पोरवयात तिथून घेतलेलं धनुष्य तो अजून वापरतो. बेअरही आधी डेट्रॉइटला पॅकार्डच्या गाड्यांच्या कारखान्यात साचे घडवायचा. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला मास्तर त्यामुळे थोडा जास्त वेळ देतो असा माझा संशय आहे. त्याला या विषयावर एकदा सुरू केलं की दुपारचं जेवण हुकतं, डबा बरोबर ठेवा.

नावनोंदणी जानेवारीत सुरू होते आणि मार्चच्या आत भरते. पैसे रोख किंवा चेक, कार्ड चालत नाही. पाऊस असला तरी वर्ग होतो, विजा असल्या तर नाही. शौचालय म्हणजे अंगणातली निळी प्लॅस्टिकची खोली, जुलैमध्ये तिची तयारी ठेवा. पोटरीपर्यंतचे बूट आणि गोचीड मारायचा फवारा घ्या. डावखुऱ्यांनी आधी फोन करावा. डाव्या हाताची दोनच धनुष्यं आहेत आणि त्यातलं एक 45 पौंडांचं आहे, जे सप्टेंबरपर्यंत तुमच्या हातात कुणी देणार नाही.